पांदणीवरचं तिखट कुत्रं

आमच्याकडं कुत्रं तिखट करायची एक रीत होती. पिल्लू महिना-दीड महिन्याचं झालं की त्याचे कान कातरायचे, दिवसभर अंधाऱ्या जागी बांधून ठेवायचं, परक्या माणसाच्या हातचा तुकडासुद्धा त्याला खाऊ द्यायचा नाही आणि दिवस मावळला की सोडायचं. वर्षभर असं केलं की कुत्रं तिखट होतं, म्हणजे माणसाच्या अंगावर धावून जातं. आमच्या सासऱ्यांनी, त्यांना मी मामा म्हणायची, हे सगळं अगदी नेमानं केलं होतं. पिल्लू त्यांनी देवगाव फाट्याजवळ उतरलेल्या धनगरांकडून आणलेलं. काळंभोर, छातीवर तेवढा पांढरा ठिपका. त्याला नाव काही ठेवलं नाही. यू यू केलं की यायचं, हाड म्हटलं की जायचं, तेवढ्यावर भागत होतं.

आमचं गाव पेडगावच्या पलीकडं, पाथरी-परभणी रस्त्यापासून दीडेक मैल आत. शेत रस्त्याच्या अंगाला आणि शेतात आखाडा, म्हणजे गुरांचा गोठा, कडब्याची गंज आणि माणसाला पाठ टेकायला एक छपरी. माझा नवरा रात्री तिथंच असायचा, कारण मोटारीला लाईट रात्रीच यायची आणि ज्वारीला पाणी तेव्हाच द्यावं लागायचं. कुत्रं रात्री आखाड्यावर राखणीला आणि दिवसा गावातल्या घरी बांधलेलं. दिवसा शेतात ठेवलं तर खुरपणाऱ्या बायांच्या पिंढऱ्या फोडील, असं मामांचं म्हणणं. त्यामुळं रोज दोन फेऱ्या व्हायच्या, सकाळी आखाड्यावरून घरी आणि संध्याकाळी घरून आखाड्यावर. हा जिम्मा मामांचा होता. दिवाळीच्या तोंडावर ते बैलगाडीवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि कुत्रं माझ्या गळ्यात आलं.

उजाडता उजाडता डोक्यावर न्याहारीचं टोपलं घेऊन जायचं, नवऱ्याला भाकरी द्यायची, म्हशीची धार काढायची आणि कुत्र्याला दोरी लावून पांदणीनं, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेनं, परत यायचं. ऐकायला सोपं वाटतं. त्या मेल्यानं पहिल्याच आठवड्यात मला दोनदा फुफाट्यात लोळवलं. एकदा साडी गुडघ्यावर फाटली, तर मामा बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, दोरी नीट धरता येत नाही का. मनात म्हटलं, या की मग, धरा तुम्हीच. तोंडानं काही बोलले नाही. तेव्हा आम्ही सुना बोलत नव्हतो. मला वाचा पुढं फुटली, ती आता बंद होत नाही.

एक गोष्ट माझ्या लवकरच ध्यानात आली होती. कुत्रं सगळ्यांवर धावत नव्हतं. टपालवाला सायकलीवरून गेला तर मान वर करून बघायचं आणि सोडून द्यायचं. कासारीण बांगड्यांचं ओझं घेऊन गेली तर नुसतं हुंगायचं. पण पांदणीवर दोन ठिकाणी त्याच्या अंगात यायचं.

पहिलं ठिकाण माझ्या थोरल्या जावेच्या बांधाजवळ. वाटणीत बांधावरची बोर कुणाची, यावरून आमचं भांडण झालं होतं आणि दोन वर्षं अबोला होता. ती बांधावर दिसली की कुत्रं दात विचकून गुरगुरायचं आणि ती पदर तोंडाला लावून मागं सरायची. खोटं कशाला सांगू, मला काळजात गार वाटायचं. मामांचं नेहमीचं म्हणणं होतं की कुत्र्याला माणसाची नियत कळते. आमच्या सगळ्या गावाचंच ते म्हणणं होतं. कुणाच्या दारात कुत्रं कुणावर जास्त भुंकलं, यावरून माणसाची पारख व्हायची. जावेच्या बाबतीत तरी मला ते शंभर टक्के पटलं होतं.

दुसरं ठिकाण बौद्धवाड्याचा कोपरा. पांदण तिथं वस्तीला अगदी खेटून जायची. तिथं आलं की कुत्र्याच्या मानेवरचे केस उभे राहायचे आणि समोर बाई येवो का म्हातारा, ते झेपच घ्यायचं. मी दोन्ही हातांनी दोरी धरून मागं ओढायची आणि ते मागच्या दोन पायांवर उभं राहून फेस गाळायचं. लोक कुडाला चिकटून उभे राहायचे. मी मान खाली घालून पुढं व्हायची. घरी येऊन सांगितलं की मामा म्हणायचे, ते उगंच धावत नसतं.

त्या वस्तीतली एक बाई आमच्या शेतात माझ्या लग्नाच्याही आधीपासून कामाला यायची. मला दोन्ही हातांनी कापूस वेचायला तिनंच शिकवलं. मी तिला मावशी म्हणायची आणि ती माझ्या आईहून मोठी असून मला बाई म्हणायची. तिचा चहाचा कप आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा आणि मला त्यात काही वावगं वाटायचं नाही, हेही लिहूनच टाकते. मावशीला एकच मुलगी. ती त्या वर्षी दहावीला होती. शाळा परभणीला. आमच्या गावातून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच पोरगी, वस्तीतली तर पहिलीच, पण पाटलाच्या वाड्यातली धरूनही पहिलीच. पाथरीहून येणारी सकाळची एसटी तिला फाट्यावर धरावी लागायची. ती चुकली की पुढची दहाच्या पुढं, म्हणजे निम्मी शाळा बुडाली. त्यामुळं मी कुत्रं घेऊन घराकडं येण्याची वेळ आणि ती पिशवी घेऊन फाट्याकडं निघण्याची वेळ एकच.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. धुकं होतं. ती मला दिसली तोवर अगदी समोर आली होती. कुत्र्यानं हिसडा दिला, दोरी माझ्या हातातून सरकली आणि त्यानं तिची पिशवी धरली. पोरगी हुशार, तिनं पिशवी सोडून दिली आणि जागची हलली नाही. पळाली असती तर पायच धरला असता. मग परभणीच्या दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली असती. मी कुत्र्याला आवरलं तोवर वह्या-पुस्तकांचा चिखलात रेंदा झाला होता. तिनं एकेक पुस्तक उचललं, परकराला पुसलं आणि माघारी घरी गेली. चूक झाली एवढं म्हणायला मला काय झालं होतं, पण नाही बोलले.

दोन दिवसांनी मावशी आमच्या परसदारी आली. म्हणाली, पोरगी आता ओढ्याच्या अंगानं नांगरटीतून फाट्याला जाते, लांब पडतं, या दोन दिवसांत एसटी दोन्हीदा चुकली. मार्चात परीक्षा आहे, शाळेतले सर रागावतात, आणि पोरगी आता म्हणते शाळाच नको, पुढच्या साली तुझ्याबरोबर ऊस तोडायला येते. बाई, तुम्ही अर्धा तास उशिरा निघालात तर बरं होईल. मी म्हटलं, बघते.

अर्धा तास उशिरा निघणं काही अवघड नव्हतं. नवऱ्यानं तर विचारलंही नसतं. पण मी निघाले नाही. आपल्या शेताच्या वाटेवर आपण कुणासाठी थांबायचं, असं माझ्या मनात आलं होतं. आता हे लिहिताना लाज वाटते, पण आलं होतं.

त्याऐवजी मी कुत्र्यावर इलाज करत सुटले. मळणीच्या बैलाला बांधतात तसलं मुसकं त्याला बांधलं, ते त्यानं पंजानं ओरबाडून काढलं. गळ्यात लोढणं अडकवलं, तर लोढणं माझ्याच नडगीवर आपटून काळानिळा डाग पडला. निघायच्या आधी पोटभर ताक-भाकरी चारली. भरल्या पोटी ते आणखी जोरात ओढायला लागलं. शेवटी तुराटीनं झोडपलं. मार खाल्लेल्या दिवशी तर ते वस्तीच्या अलीकडं पन्नास पावलांपासूनच गुरगुरायला लागलं. मामांना विचारलं, तर ते म्हणाले की तिखट आहे म्हणून तर पाळलंय, त्याला काय गाय करायचंय?

मग एका सकाळी पोरगी ओढ्याकडनं गेली नाही. कुडाला पाठ लावून वाटेत उभी राहिली होती. कुत्रं नेहमीसारखं दोन पायांवर उभं राहून भुंकत होतं, मी ओढत होते, आणि ती माझ्या तोंडाकडं न बघता माझ्या हातांकडं बघत होती. भुंकणं जरा कमी झालं तसं ती म्हणाली, "बाई, तुमी आमाला बघितलं की दोरी आवळायला लागता. आधी तुमी आवळता, मग ते भुंकतंय. मी रोज बघायले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहावीला काय गेली, मला कुत्रं धरायला शिकवायलीय. मी तिला म्हटलं की तू तुझी पुस्तकं वाच, माझ्या कुत्र्याचं मी बघते. आणि तरातरा निघून आले. पण दिवसभर ते डोक्यातून जाईना. भाकरी थापताना, शेण काढताना, सारखं आपलं तेच. आवळते म्हणजे काय? न आवळून कसं चालेल?

त्यानंतर आठवडाभरातच म्हशीला हिरवा चारा कापताना विळा निसटला, तो धरायला गेले आणि माझ्या उजव्या हाताला लागला. तळवा चांगलाच चिरला. हळद भरून चिंधी बांधली, पण दोरी धरता येईना. नवऱ्यानं दोरी माझ्या कमरेला गाठ मारून बांधून दिली आणि म्हणाला, आता काय ते दोघं मिळून पडा. तशी निघाले. डाव्या हातानं टोपलं काखेत धरलेलं आणि दोरी ढिली, मधे झोळ पडलेली.

बांधावर जाऊ उभी होती. म्हटलं आता गुरगुरणार. कुत्र्यानं तिच्याकडं एकदा पाहिलं, बांध हुंगला, तंगडी वर केली आणि पुढं चालायला लागलं. मला वाईटच वाटलं. म्हणजे दिवाळीपासून जे मी जावेचं प्रमाणपत्र समजत होते, ते काहीच नव्हतं.

वस्तीच्या कोपऱ्यावर दोन बाया घागरी घेऊन आडव्या आल्या. कुत्रं जमीन हुंगत चाललं होतं. मी टोपलं सावरत होते, त्यामुळं माझंही ध्यान नव्हतं. मग लांबून मावशीची पोरगी येताना दिसली, आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं की माझ्या काखेतलं टोपलं खाली पडलं आणि डावा हात आपोआप दोरीवर गेला. मी हाताला जा म्हटलं नव्हतं. त्यानं दोरी खेचली, आणि त्याच क्षणी कुत्र्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. मी दोरी सोडली. सोडताना बोटं उघडेनात, एवढी ती आवळलेली होती. कुत्र्यानं माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, परत माझ्याकडं पाहिलं आणि बसलं. पोरगी पलीकडच्या कडेनं निघून गेली. मी टोपलं उचललं.

हात कधीपासून आवळायला लागला, ते मला ठाऊक होतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून गडबड झाली त्या साली मी नुकती लग्न होऊन आले होते. आमच्या गावात काही झालं नाही, पण शेजारच्या गावांत घरं जळाली, आणि धूर आमच्या माळवदावरून दिसला होता. मामांनी तेव्हा घरातल्या बायांना सांगितलं होतं की वस्तीवरून जाताना थांबायचं नाही, बोलायचं नाही, पदर घ्यायचा आणि पाय उचलायचा. त्या गोष्टीला पाच-सहा वर्षं झाली होती. लोक परत शेतात यायला लागले, मावशी आली, कपही कोनाड्यात आला. पण त्या कोपऱ्यावर पोचलं की माझा हात काही ना काही घट्ट धरायचाच, कळशी असो, टोपलं असो, नाहीतर पदर. भ्यायचं खरं तर त्यांनी होतं. घरं त्यांची जळाली होती. आणि भीत होते मी.

त्या दिवशी संध्याकाळी कुत्रं आखाड्यावर सोडून येताना मी मावशीच्या अंगणात गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तिनं घाईघाईनं पोतं अंथरलं. मी म्हटलं, मावशी, माझंच चुकलं, उद्यापासून मी उशिरा निघते. मावशीला बरं वाटलं. तिनं चहा टाकला. पोरगी चुलीच्या उजेडात वाचत बसली होती, ती मान वर न करता म्हणाली, "उशिरा येऊ नका. परीक्षेनंतर मला कॉलेजला जायचंय, तवा बी हीच वाट हाय. कुत्र्याला सवय लावा. आन् तुमच्या हाताला बी."

मावशी तिच्यावर डाफरली. मला मात्र या वेळी राग आला नाही, म्हणजे थोडा आला, पण गिळला. चहा प्यायले. घरी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघी आणि कुत्रं असा खेळ सुरू झाला. पोरगी शाळेतून आली की वस्तीच्या बाहेर लिंबाखाली पुस्तक घेऊन बसायची आणि मी कुत्रं घेऊन लांबून जायची. पहिल्या दिवशी पन्नास पावलांवरून, मग चाळीस, मग तीस. कुत्रं गप गेलं की भाकरीचा गुळ लावलेला तुकडा. पण कुत्र्याचं सोपं होतं, माझं अवघड. हाताची चिंधी सुटली तसा हात परत आवळायला लागला. दहा वेळा ठरवायची आणि अकराव्या वेळी मूठ मिटलेली असायची. तेव्हा मावशीनं युक्ती काढली. तिच्या कोंबडीचं एक कच्चं अंडं माझ्या मुठीत दिलं आणि त्याच मुठीत दोरी. म्हणाली, आता आवळा बरं बाई.

मामा माळकरी. आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा घ्यायचं नाही, आणि मी रोज संध्याकाळी पांदणीवर मुठीत अंडं घेऊन हिंडत होते. पहिल्या आठवड्यात तीन फुटली. तिसरं फुटलं तेव्हा बलक कोपरापर्यंत ओघळला, कुत्र्यानं माझा हात चाटून पुसून साफ केला आणि पोरगी पुस्तकाआड तोंड लपवून हसली. मावशी म्हणाली, कोंबडी काय म्हणंल, जरा तिचा तरी विचार करा. मीही हसले. घरी जाताना ओढ्यावर हात मातीनं तीनदा घासून धुतला.

दुसऱ्या आठवड्यात एकच फुटलं. तिसऱ्या आठवड्यात एकही नाही. आम्ही पाच पावलांवर आलो होतो. कुत्रं पोरगीजवळून जाताना तिच्या पायाकडं नाक करायचं, कातरलेले कान हलवायचं आणि माझ्याकडं बघायचं, की बाई, आता काय हुकूम. हुकूम काही नसायचा. मग ते पुढं चालायचं. जावेवर गुरगुरणंही बंद झालं. आमचा अबोला मात्र तसाच राहिला, फक्त आता माझी बाजू घेणारं कुणी उरलं नाही. मामांना कुत्र्यात काही फरक जाणवला असावा, कारण एकदा म्हणाले की याला हल्ली काय झालंय, मऊ पडलंय. मी म्हटलं, थंडीनं असेल.

पहिल्या पेपरच्या दिवशी मी मुद्दाम नेहमीच्या वेळेलाच निघाले. पोरगीनंच तसं सांगितलं होतं. मुठीत अंडं नव्हतं. वस्तीच्या कोपऱ्याला वळले आणि समोरून ती आली. धुतलेला परकर, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, हातात पुठ्ठा आणि पेन. वाट तिथं अरुंद आहे, दोन्हीकडं बाभळी. कडेला सरायला जागा नव्हती. मी बोटं उघडी ठेवली, दोरी नुसती तळव्यावर पडलेली. कुत्र्यानं हिसडा दिला असता तर ती गेलीच असती, आणि तिच्याबरोबर त्या पोरीची परीक्षाही. पोरगी चालत राहिली. तिचा परकर कुत्र्याच्या पाठीला घासून गेला. कुत्र्यानं मान वळवून एकदा तिचा वास घेतला आणि मग बाभळीखाली पडलेली शेंग हुंगायला लागलं.

तिनं मागं वळून बघितलं नाही. थोड्या वेळानं फाट्यावरून एसटी सुटल्याचा आवाज आला. माझे डोळे भरून आले. मी पदरानं पुसले आणि कुत्र्याला म्हटलं, चल.

तेव्हा मागच्या बाभळीआडून मावशी बाहेर आली. तिच्या उजव्या हातात वीतभर धोंडा होता. मला वाटलं ती आजच्यापुरती आली असेल, पेपर म्हणून. मी विचारलं, मावशी, तू कवापासून उभी आहेस? ती म्हणाली की रोजच येते, पिशवी फाडली त्या दिवसापासून. ओढ्याच्या वाटेनंही मागं असायची, आणि लिंबाखाली पोरगी वाचत बसायची तेव्हाही धोंडा पदराखाली असायचा. अंडं मुठीत देताना, हसताना, कोंबडीची थट्टा करताना, सगळ्या वेळी.

मी म्हटलं, "मावशी, आता टाक की तो. गेली ना ती नीट."

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, अगदी नेहमीसारखं. म्हणाली, "आजून सहा पेपर ऱ्हायलेत, बाई."

आम्ही दोघी बरोबर गावाकडं निघालो, मधे कुत्रं. ती ज्वारीच्या काढणीचं बोलत होती, कोणत्या वाफ्यापासून सुरू करायचं ते. मी हो हो म्हणत होते. मी पुढचे सहाही दिवस त्याच वेळेला निघाले, आणि सहाही दिवस तिच्या हातात धोंडा होता.